अनवाणी पाद्री : संत जुझे वाझ

गोमंतकाच्या दक्षिणेस साष्टी महालात, समुद्रकाठी, माडांच्या बनात बाणावली हे गाव वसले आहे. ह्या गावी, आपल्या आजोळी, दि. २१ एप्रिल १६५१ रोजी जुझे वाझ ह्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव क्रिस्तोव्हांव वाझ, आईचे मारिया दि मिरांद. वडिलांचे गाव जुवारी नदीच्या बाजूचे सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मणाचे, पण जुझेच्या जन्मापूर्वीच ख्रिस्ती झालेले. आणि घरची भाषा अर्थातच आपलीच, कोकणी. पुढे हा मुलगा परक्या बेटावर जाऊन तेथील निराधार झालेल्या ख्रिस्ती प्रजेचा वाटाड्या झाला.

तो काळ कसा होता हे जाणून घेतल्याशिवाय वाझांच्या जीविताची थोरवी उमगणार नाही. साष्टीतील देवालये सोळाव्या शतकातच पाडली गेली होती. इ.स. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायासन, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, बसले होते. त्याचा धाक हिंदूंना होता तसाच, किंबहुना अधिकच, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना होता. धर्म आणि राजसत्ता ही दोन्ही एकाच मुठीत असली म्हणजे काय घडते ते आमच्या पूर्वजांनी पुरेपूर अनुभवले आहे. ह्या गोष्टीकडे डोळेझाक करून कोणाही गोमंतकीय ख्रिस्ती संताचे चरित्र सांगू नये, असे मला वाटते. शिवाय बाटलेल्या घराण्यातील मुलगा कितीही विद्वान निघाला, तरी युरोपीय संन्याशांच्या मठांची दारे त्याला सहसा बंदच असत. तो साधा पाद्री होऊ शके; मानाच्या जागा मात्र गोऱ्यांच्या.

जुझेचे पोर्तुगीजचे शिक्षण सांकवाळी झाले व लॅटिनचे बाणावलीस. पुढे जुन्या गोव्यात जेजुइतांच्या सेंट पॉल विद्यालयात साहित्याचा, आणि डोमिनिकन पंथीयांच्या सेंट थॉमस विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा व धर्मशास्त्राचा अभ्यास करून १६७६ मध्ये त्यांनी पाद्रीपदाची दीक्षा घेतली. दीक्षेबरोबर त्यांनी पादत्राणांचा त्याग केला. गोव्यातील गरीब रयत अनवाणी चालते, तेव्हा आपणही तसेच चालावे, एवढाच त्यातला विचार. सांकवाळी त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. दि. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक दासपत्र लिहून आपण येशूच्या मातेचे कायमचे गुलाम झाल्याचे जाहीर केले. आजच्या वाचकाला हा शब्द खटकेल. परंतु त्या काळी गोव्याच्या बाजारात माणसे विकत मिळत, नि थोरामोठ्यांच्या वाड्यांत गुलाम राबत. ज्या शब्दाचा अर्थ रोज रस्त्यावर डोळ्यांसमोर दिसत होता, तोच शब्द ह्या तरुण पाद्र्याने स्वतःस लावून घेतला.

ह्याच सुमारास त्यांच्या कानी सिलोनची हकिगत येऊ लागली. त्या बेटाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा दीडशे वर्षे वावर होता. १६५६ मध्ये वलंदेजांनी, म्हणजे डच लोकांनी, त्यांच्याकडून कोलंबो घेतले, १६५८ मध्ये जाफना घेतले. डच हे कॅल्विनपंथी. रोमच्या धर्मपीठाशी त्यांचे हाडवैर. त्यांनी सर्व कॅथलिक पाद्र्यांना हाकून दिले, मिस्सेला बंदी केली, आणि पाद्र्याला घरात आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली. परिणामी तीस वर्षांत एक सबंध पिढी अशी वाढली, की जिला जपमाळ ठाऊक होती पण पाद्री कसा असतो ते ठाऊक नव्हते. म्हातारे पापनिवेदन न करता मरत, लग्ने चोरून लागत. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्याच जाफन्यातील नल्लूरचे देवालय पोर्तुगीजांनी १६२१ मध्ये पाडले होते. काल जे दुसऱ्यांवर गुदरले, तेच आज ह्यांच्यावर आले होते.

वाझांनी सिलोनला जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. उलट १६८१ मध्ये त्यांची नेमणूक कानड्यात, म्हणजे बसरूर, गंगोळी, कल्याणपूर ह्या भागात झाली. तेथे गोव्याहून जाऊन वसलेली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्यापुढे संकट निराळेच होते. पोर्तुगालच्या राजाने नेमलेले पाद्री एकीकडे, रोमने थेट पाठविलेला बिशप दुसरीकडे, आणि दोघेही आपलाच अधिकार खरा म्हणणारे. कोणाचे ऐकावे हे साध्या भाविकास कळेना. वाझ हे गोव्याच्या बाजूने गेलेले. तरी त्यांनी बिशपाशी भांडण वाढविले नाही. जेथे आपला अधिकार वादात आहे तेथे सामोपचार करावा, आणि लोकांची उपासना खंडित होऊ देऊ नये, असा त्यांचा मार्ग होता. तीन वर्षे गावोगाव हिंडून त्यांनी उपासनामंदिरे उभारली, शाळा काढल्या.

१६८४ मध्ये ते परतले तेव्हा साष्टीची दैना झाली होती. आदल्या वर्षाच्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी-बारदेशात उतरल्या होत्या, आणि गोव्याचे पोर्तुगीज सरकार हबकून गेले होते. त्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने हुकूम काढला, की लोकांनी आपली भाषा टाकावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. कोकणी घरात वाढलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हा हुकूम वाचताना आजही चीड येते. वाझांनी त्याविषयी काही लिहिले की काय ते असो. त्यांनी पुढे केले ते मात्र ह्या हुकुमाच्या नेमके उलट होते. सिलोनच्या लोकांना पोर्तुगीज शिकवीत न बसता ते स्वतः तमिळ शिकले, सिंहली शिकले.

जुन्या गोव्यातील एका टेकडीवर ‘क्रूज दोस मिलाग्रस’ नावाचे चर्च होते. तेथे काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहून प्रार्थनेचे व त्यागाचे जीवन जगू पाहत होते. सप्टेंबर १६८५ मध्ये वाझ त्यांना जाऊन मिळाले, आणि त्यांनीच ह्या मंडळीला संत फिलिप नेरीच्या ‘ओरेटरी’चे वळण लावले. एतद्देशीयांनीच चालविलेला ख्रिस्ती धर्मगुरूंचा असा संघ गोव्यात पूर्वी नव्हता. त्यातही दोष राहिला, तो असा की ह्या संघात प्रवेश ब्राह्मण घराण्यांतील ख्रिस्त्यांनाच असे. धर्म बदलला तरी जात सुटली नव्हती! पण सिलोनचे सारे कार्य ह्याच संघाच्या बळावर उभे राहिले.

१६८६ मध्ये वाझांनी संघाचे प्रमुखपद सोडले आणि जुआंव नावाच्या एका विश्वासू सेवकासह ते दक्षिणेस निघाले. मिस्सेची भांडी गाठोड्यात दडविलेली, अंगावर भिकाऱ्याची वस्त्रे. तुतिकोरीनहून गलबतात बसून १६८७ मध्ये ते सिलोनच्या किनाऱ्यास लागले. प्रवासात अन्नपाण्याचे हाल झालेले. जाफन्यास पोचतात न पोचतात तोच हगवणीने त्यांना गाठले. साथ पसरेल ह्या भीतीने लोकांनी दोघांनाही वस्तीबाहेर रानात नेऊन टाकले. गावातील कोणी स्त्रिया गुपचूप येऊन पेज ठेवून जात, तिच्यावर ते जगले, असे चरित्रकार सांगतात. साष्टीच्या माणसाचा जीव परमुलखात पेजेनेच वाचावा, हे मला फार हृद्य वाटते.

बरे होताच त्यांनी गळ्यात जपमाळ उघडपणे घातली आणि दारोदार भिक्षा मागण्यास आरंभ केला. ही मोठी युक्ती होती, आणि मोठे धाडसही. जपमाळ पाहून ज्याची नजर बदलेल तो आपला; पण तीच जपमाळ पाहून सरकारी हेर ओळखेल, तर संपलेच. काही दिवसांनी एका कुटुंबाने ओळख दिली. मग दुसऱ्याने. पुढे जाफन्याजवळचे सिल्लालै हे गाव त्यांचे ठाणे झाले. रात्री मिस्सा होई, ती आज ह्या घरी तर उद्या त्या घरी. वर्षानुवर्षे मनात साठलेली पापे सांगण्यासाठी माणसे अंधारात मैल न् मैल चालून येत. दिवसा हाच पाद्री कधी भिकारी, कधी हमाल होऊन पुढच्या गावी निघालेला असे.

एकटा मनुष्य सगळीकडे कसा पुरणार? म्हणून त्यांनी गावोगावच्या भाविकांतूनच माणसे निवडली. तमिळ मुलखात ‘अण्णावी’ आणि ‘मुप्पू’ ह्या नावांनी ती ओळखली जात. पाद्री नसेल तेव्हा प्रार्थना चालवावी, मुलांना धर्मपाठ शिकवावा, मरणाऱ्याच्या उशाशी बसावे, ही कामे त्यांनी करावयाची. शेतकरी, कोळी, कारागीर अशी साधी माणसे ती. पण पाद्री महिनोन् महिने फिरकला नाही तरी त्या त्या गावाची उपासना त्यांच्यामुळे चालू राही. वाझांच्या साऱ्या कामात मला हे सर्वांत दूरदृष्टीचे वाटते. तीस वर्षे लोक वाटाड्यावाचून चाचपडले होते. पुन्हा तशी पाळी आली तर गावाजवळ स्वतःचा दिवा असावा, ही त्यामागची तजवीज होती.

डच अधिकाऱ्यास सुगावा लागलाच. १६८९ च्या सुमारास एका नाताळच्या रात्री सैनिकांनी जमलेल्या भाविकांवर झडप घातली आणि शेकडोंना धरून नेले. वाझ हाती लागले नाहीत. पण त्यांच्यासाठी इतरांना तुरुंग व छळ सोसावा लागला. ते जाफना सोडून पुत्तळमकडे, कँडीच्या राजाच्या हद्दीत गेले, आणि १६९२ मध्ये खुद्द कँडी शहराकडे वळले.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध. दरबारात वजन असलेल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने त्याचे कान भरले, की हा पाद्री पोर्तुगीजांचा हेर आहे. वाझांना कैद झाली. काही दिवसांनी पहारा सैल होताच त्यांनी कैदेच्या आवारातच एक झोपडीवजा देवघर उभारले आणि सिंहलीचा अभ्यास मांडला. कँडीत जुने कॅथलिक बंदिवान व त्यांची मुलेबाळे होती, ती हळूहळू तेथे येऊ लागली.

पुढची कथा सिलोनात घरोघर सांगतात. अवर्षण पडले, पिके करपली, तेव्हा राजाने ह्या पाद्र्यास प्रार्थना करण्यास सांगितले. वाझांनी उघड्यावर वेदी मांडली, क्रूस उभारला, गुडघे टेकले, आणि मुसळधार पाऊस आला. ते स्वतः मात्र कोरडेच राहिले. श्रद्धावंतांनी ह्याला चमत्कार म्हणावे, इतरांनी आख्यायिका म्हणावी. त्यानंतर राजाची मर्जी बसली आणि त्यांना राज्यात हिंडण्याची मोकळीक मिळाली.

१६९७ मध्ये जे घडले त्यास चमत्काराची जोड लागत नाही. त्या सुमारास गोव्याहून ओरेटरीचे पाद्री मदतीस येऊ लागले होते. त्यांत वाझांचे भाचे जुझे कार्व्हाल्यु होते. त्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा व सरदार शहर सोडून गेले. घरच्या माणसांनीच आजाऱ्यांना रानात नेऊन सोडावे, असा प्रकार झाला. वाझ आणि कार्व्हाल्यु दोघेच मागे राहिले. ओस पडलेल्या घरांत त्यांनी रोग्यांना आणून ठेवले, त्यांचे फोड धुतले, त्यांना भरविले, मेलेल्यांसाठी खड्डे खणले. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही. दहा वर्षांपूर्वी स्वतः रानात टाकला गेलेला हा मनुष्य होता. टाकून दिलेल्याच्या मनात काय चालते ते त्याला कोणी शिकवावयास नको होते. राजा परतला तेव्हा त्याने हे कार्य ऐकले, आणि त्यानंतर तो बौद्धच राहिला तरी ह्या पाद्र्यांचा पाठीराखा झाला. कॅथलिकांना ख्रिस्ती डचांनी जे नाकारले ते ह्या बौद्ध राजाने दिले.

१७०५ मध्ये दिवाडी बेटाचे जाकोम गोन्साल्व्हिस सिलोनात दाखल झाले. ते भाषांचे पंडित. सिंहली व तमिळ ह्या दोन्ही भाषांत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली, आणि सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून ते आजही ओळखले जातात. वाझांना ह्याच सुमारास बिशपपद देऊ केले होते, पण त्यांनी ते घेतले नाही. अखेरपर्यंत कोलंबो, निगोंबो, पुत्तळम असे अनवाणी हिंडत राहिले. शरीर थकले, तरी रात्रीची दीर्घ प्रार्थना सुटली नाही. अडचणीच्या वेळी सल्ला विचारण्यास वरिष्ठ जवळ नसत. गोव्याचे पत्र येण्यास महिने लागत. जे विचारावयाचे ते क्रुसापुढे बसून विचारावे आणि सकाळी उठून चालू लागावे, हाच त्यांचा चोवीस वर्षांचा परिपाठ होता.

दि. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. वय साठाच्या आतच होते. त्यांना तेथल्याच चर्चमध्ये पुरले. पुढे ते चर्च नष्ट झाले आणि थडग्याची खूणही उरली नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत त्यांना ‘धन्य’ घोषित केले आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी, त्याच शहरात, संतपद दिले. सांकवाळी दर जानेवारीत त्यांचे फेस्त भरते.

वाझांच्या पश्चात सव्वाशे वर्षे ओरेटरीचे गोमंतकीय पाद्री एकामागून एक सिलोनला जात राहिले. डच गेले, इंग्रज आले, तरी हा ओघ थांबला नाही. तो थांबला १८३५ मध्ये, तेव्हा पोर्तुगीज सरकारनेच गोव्यातील धर्मसंघ बंद केले. जुन्या गोव्यातील त्या टेकडीवर मिलाग्रस चर्चच्या पडक्या भिंती झाडाझुडपांत उभ्या आहेत.