राजा दीनदयाळ : सोन्याच्या पाण्यातली छायाचित्रे

राजेश्वर, हुमनाबाद, बिदर, कलबुर्गी हा आपला सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता, त्या काळी हैदराबादच्या दरबारी राजा दीनदयाळ नावाचे एक थोर छायाचित्रकार होऊन गेले. इतिहासाच्या पुस्तकांतून त्यांची चित्रे आपण पाहतो. खालचे बारीक अक्षरांतील नाव मात्र वाचायचे राहून जाते.

१८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी, जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करू लागले. कॅमेरा हाती आला तो १८७४ मध्ये, म्हणजे वयाच्या तिशीत. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले आणि ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. १८८५ च्या सुमारास सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. लवकरच सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला.

घरचा जवाहिराचा धंदा सुटला, पण सोन्याचांदीशी संबंध काही सुटला नाही. त्या काळचे प्रिंट म्हणजे चांदीचेच चित्र. अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर चांदीच्या क्षाराचे द्रावण चढवीत (जैन घरातल्या माणसाच्या वाट्याला हे यावे, हीही गंमतच), त्यावर काचेची नेगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरीत. चित्र उमटले की खरे काम पुढेच असे. आधी कागद पाण्यातून काढायचा. सुटी चांदी निघू लागली की पाणी दुधाळ होई, ते निवळेपर्यंत बदलत राहायचे. मग सोन्याच्या क्षाराचे द्रावण. त्यात तांबूस चित्र हळूहळू जांभळट तपकिरी होई, कारण चांदीच्या कणांवर सोने बसे. नंतर हायपो, आणि त्यानंतर पुन्हा तासन् तास धुणे.

हे शेवटचे धुणेच कंटाळवाणे, आणि सारा घात तिथेच होतो. कागदाचे तंतू हायपो पिऊन घेतात. तो आत राहिला तर चित्रातल्या चांदीला गंधक लागते आणि काही वर्षांत चित्र पिवळे पडून विरू लागते. प्रिंट का विटतात याची चौकशी करण्यासाठी १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने समिती नेमली होती. तिनेही धुण्यातल्या हयगयीवर बोट ठेवले आणि सोन्याची शिफारस केली. पुढे १९७० नंतर प्लास्टिकचा थर दिलेला कागद आला, तो चार-पाच मिनिटांत धुऊन निघतो. साध्या तंतूच्या कागदाला आजही तासाभराचे धुणे लागते. आपल्या घरातील भिंतीवरचे जुने फोटो पिवळे पडलेले दिसतात, त्यांत पुष्कळदा दोष काळाचा नसून अपुऱ्या पाण्याचा असतो.

आपल्याकडच्या बिदरी कारागिराला हे सारे उलटे वाटेल. तो किल्ल्यातली माती वापरून जस्त काळे करतो आणि चांदी पांढरी राखतो. छायाचित्रात चांदीच काळी होऊन चित्र बनते. धीर मात्र दोघांनाही सारखाच लागतो. दख्खनच्या उन्हाळ्यात पाणी कोमट झाले की बलकाच्या थराला फोड येत, म्हणजे ऋतू पाहूनच काम करावे लागे. दीनदयाळांच्या कारखान्यात ही धुलाई करणाऱ्या माणसांची नावे कोणी विचारली नाहीत, याची मला खंत वाटते.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. १८९६ मध्ये मुंबईत शाखा निघाली. निजामाने 'राजा' हा किताब दिला, तर १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद आली. त्यांनी राजेरजवाड्यांच्या शिकारी टिपल्या, तशीच निजामाच्या राज्यातील दुष्काळी कामेही टिपली.

अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. मुलगा धरमचंद १९०४ मध्ये वारला. ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळही गेले. त्यांच्या काचेच्या २८५७ नेगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांवरून नवे प्रिंट काढता येतात; पण सोन्याने आलेला तो जांभळट रंग पाहायचा असेल, तर त्यांच्या हयातीत धुतलेले कागदच शोधावे लागतात.