सायकलच्या चेनपासून नांगराच्या फाळापर्यंत

चोर्ला घाट चढून बेळगावला खरेदीसाठी जाणाऱ्या गोमंतकीयांना तेथील किर्लोस्कर रोड परिचयाचा असतो. या वर्दळीच्या रस्त्याला ज्यांच्यामुळे हे नाव लाभले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण नांगर, पंप आणि इंजिने घडविणारे उद्योगपती म्हणून काढली जाते. मात्र त्यांच्या उद्योगाचा श्रीगणेशा कारखान्यात झाला नाही. तो झाला सायकलींच्या एका लहानशा दुकानात. पुढील साठ-पासष्ट वर्षांत त्यांनी जे उभारले, त्याची मुळे या दुकानातील कामात सापडतात.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रांकडे आणि यंत्रांकडे अधिक. वडीलबंधू रामूअण्णांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांतच एक कटू सत्य समोर आले. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंगांध माणसाला चित्रकाराचे जीवन दुरापास्त. रंगांचे दार बंद झाल्यावर त्यांनी रेषांचे दार उघडले. यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्या विषयाचे शिक्षक झाले. तेथील कर्मशाळेत लोखंड, यंत्रे आणि हत्यारे यांच्याशी त्यांचा जवळून परिचय झाला.

तो काळ सायकलच्या कायापालटाचा होता. पुढे भलेमोठे आणि मागे चिमुकले चाक असलेली जुनी सायकल धोक्याची होती. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यांनी रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले, १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी सारख्या चाकांची रोव्हर सायकल आणली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवा भरलेला टायर आला. चेनमुळे पायांचे बळ मागच्या चाकाला पोहोचू लागले आणि उंच चाकाची गरज उरली नाही. ही नवी सायकल मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागली, तेव्हा लक्ष्मणराव तिच्याकडे आकृष्ट झाले. ते ती चालवायला शिकले आणि तिच्यातील व्यवसायही त्यांनी हेरला.

मुंबईत सायकली विकत घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी दोघा भावांनी विभागणी केली. १८८८ हे वर्ष किर्लोस्कर उद्योगाच्या प्रारंभाचे मानले जाते ते याच व्यवसायामुळे. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये होती. सायकल चालवायला शिकविण्याचे १५ रुपये वेगळे आकारले जात. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. साहजिकच ग्राहक अधिकारी आणि श्रीमंत मंडळींपैकी असत. एवढी महाग वस्तू विकणाऱ्याचे काम विक्रीने संपत नाही. यंत्र बिघडले तर ग्राहक पुन्हा त्याच दारात येतो. दुरुस्ती हा म्हणूनच त्या दुकानाचा अविभाज्य भाग होता.

या दुरुस्तीतील पहिला धडा चेनचाच असतो. बाहेरून चेन साधी दिसते. तिच्या प्रत्येक कडीत मात्र पिन, तिच्याभोवतीची नळी आणि त्यावर फिरणारा रोलर असे भाग असतात. खरी झीज पिन आणि नळी यांच्यामध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते. धूळ तेलात मिसळली की तिचा खरवडणारा लगदा बनतो आणि फिरणारी चेन स्वतःलाच घासू लागते. कड्यांमधील अंतर किंचित वाढत जाते, चेन लांबते आणि दातेरी चक्राचे दातही खाते. प्रारंभीच्या त्या सायकलींना फ्रीव्हील नसे. चाक फिरे तोवर पायटे आणि चेन फिरतच राहत. उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील चिखल यांच्यात तिला विसावा असा नव्हताच.

यावरचा उपाय आजही तोच आहे आणि तो घरच्या अंगणात करता येतो. विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत सायकल उभी करावी. जुन्या ब्रशाला थोडे रॉकेल लावून चेनच्या चारही बाजू घासाव्यात, मात्र रॉकेल चाकाच्या बेअरिंगमध्ये उतरू देऊ नये. फडक्याने पुसून चेन पूर्ण वाळू द्यावी. मग पायटे उलटे फिरवीत प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, काही मिनिटे ते मुरू द्यावे आणि बाहेर उरलेले तेल पुसून काढावे. तेल आत हवे, बाहेरचे तेल केवळ धूळ ओढते. चेन किती झिजली हे पट्टीनेही कळते. आजच्या चेनच्या २४ कड्या ताणून मोजल्या तर त्या बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी, एक अष्टमांशाने वाढले तर चक्राचे दातही तपासावेत.

मुंबईत शिक्षक म्हणून काम करीत असताना लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलींच्या जोडीला त्यांनी जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगर पडून राहिले, तरी लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्यांनी नांगरातील उणिवा शोधल्या, फाळ सुधारला आणि परदेशी यांत्रिकी नियतकालिके वाचून आपले ज्ञान वाढविले. सायकलचा ग्राहक पैसेवाला होता, नांगराच्या ग्राहकाचे तर सारे वर्ष त्या फाळावर अवलंबून होते. चालत्या यंत्राची जबाबदारी ते घडविणाऱ्याकडेच राहते, हे सायकलच्या दुकानातील सूत्र येथे अधिक मोलाचे ठरले.

जम बसू लागला तोच नवे संकट आले. नव्या वसाहतीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती आणि लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला धावले. त्यांनी बिनव्याजी १०,००० रुपये कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या आणि सापांचा वावर असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. गुन्हेगार म्हणून समाजाने दूर लोटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तेथे राखणदारीचे काम देऊन विश्वासाने वागविले. पुढे याच वाडीतून पंपही बाहेर पडू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज सायकल पुन्हा लोकांच्या आवडीची झाली आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहाटे सायकलस्वार दिसतात, तर हैदराबादेत २०२३ मध्ये सौर छताखालचा २३ किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू झाला. सायकली महाग झाल्या, चेन अधिक नाजूक झाली, देखभाल मात्र बहुधा दुसऱ्यावर सोपवली जाते. रंग हिरावले गेले, बढती नाकारली गेली, जागा सोडावी लागली, तरी लक्ष्मणरावांची वाटचाल थांबली नाही. जे बिघडले ते उघडून पाहायचे, स्वच्छ करायचे आणि पुन्हा चालते करायचे, ही कारागिराची सवय त्यांनी यंत्रांपुरती ठेवली नाही. घरातील मुलाने आपल्या सायकलची चेन एकदा स्वतः पुसली आणि तिच्या रोलरवर तेलाचा थेंब स्वतः सोडला, तर त्या सवयीचा पहिला धडा त्यालाही मिळेल.