साउंडवाला नाही, मिक्सर नाही, माईक एकच! तरी बिल मन्रोच्या बँडमध्ये प्रत्येक वाद्य ऐकू कसं यायचं?

छोट्या कॅफेत किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये बँड वाजवणाऱ्या पोरांना एक अडचण तोंडपाठ असते. वेगळा साउंडवाला घ्यायला पैसे नसतात. मग मिक्सर स्टेजवरच ठेवायचा आणि आवाज आपला आपणच लावायचा.

मग होतं काय, तर गिटारवाल्याला स्वतःची गिटार कमी ऐकू येते, म्हणून तो अॅम्प थोडा वाढवतो. ते ऐकून ड्रमर आणखी जोरात वाजवायला लागतो. गाणारा म्हणतो माझा माईक वाढवा, आणि तेवढ्यात स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळेच जोरात असतात आणि गाण्याचे शब्द कुणालाच कळत नाहीत.

आता ऐंशी वर्षं मागं जाऊ. अमेरिकेत एक पाच जणांचा बँड शाळांच्या हॉलमध्ये आणि तंबूत कार्यक्रम करत फिरायचा. पुढे बहुतेक वेळा एकच माईक असायचा. तरी गाणं स्पष्ट, बँजो स्पष्ट आणि फिडलही स्पष्ट.

या बँडचा मालक होता बिल मन्रो. ब्लूग्रास नावाच्या संगीताचा जनक म्हणून जग त्याला ओळखतं. कुणी किती जोरात वाजवायचं, हा प्रश्न मात्र त्याच्या वाट्याला लहानपणीच आला होता.

आठ तारांच्या जागी चार

बिल मन्रोचा जन्म १३ सप्टेंबर १९११ चा. गाव केंटकी राज्यातलं रोझिन. आठ भावंडांमध्ये हा शेंडेफळ. डावा डोळा तिरळा आणि नजर कमजोर. पोरं चिडवायची, त्यामुळे हा लोकांपासून लांब राहायचा. दिसायचं कमी म्हणून कानावरच भिस्त.

घरात सगळे वाजवणारे. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच धरलेली, त्यामुळे याच्या वाट्याला उरलं मँडोलिन. मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. पण भावांनी याला प्रत्येक जोडीतली एकच तार लावायला सांगितली. कारण काय, तर धाकट्याचा आवाज जास्त होऊ नये. ही आठवण मन्रो म्हातारपणापर्यंत सांगायचा.

तो दहा वर्षांचा असताना आई गेली आणि सोळाव्या वर्षी वडील. मग तो काही काळ मामाकडे राहिला. हा मामा म्हणजे पेंडलटन वँडिव्हर, गावातल्या नाचांना फिडल वाजवणारा. मामाच्या फिडलला साथ करत बिल आसपासच्या घरांमध्ये जायचा. तिथं माईक-बिईक काही नाही. नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजातही मामाची सुरावट लोकांपर्यंत पोचली पाहिजे आणि तिला आपण झाकायचं नाही, हे काम तो तिथं शिकला. याच भागातला कृष्णवर्णीय गिटारवादक आर्नोल्ड शुल्ट्झ याच्यासोबतही त्याने नाचांना वाजवलं. ब्लूग्रासमध्ये ब्लूज ऐकू येतो, त्यामागे शुल्ट्झचा वाटा मोठा आहे.

भावाशी फारकत आणि नवा बँड

१९२९ च्या सुमारास बिल भावांच्या मागे शिकागोजवळच्या औद्योगिक पट्ट्यात गेला. तिथं तेल शुद्धीकरण कारखान्यात पिंपं धुण्या-उचलण्याचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात वाजवायचा. पुढे तो आणि भाऊ चार्ली या जोडीने रेडिओ गाजवला. १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी ६० गाणी रेकॉर्ड केली. पण दोघंही तापट. १९३८ मध्ये जोडी फुटली.

मग बिलने स्वतःचा बँड काढला आणि केंटकीच्या टोपणनावावरून त्याला नाव दिलं ब्लू ग्रास बॉईज. ऑक्टोबर १९३९ मध्ये हा बँड नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात आला आणि देशभर पोचला.

१९४५ च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात मन्रोला गिब्सन कंपनीचं १९२३ चं एफ-५ मँडोलिन दिसलं. व्हायोलिनसारखी छिद्रं असलेलं हे वाद्य लांबपर्यंत ऐकू जावं अशाच बेताने बनवलेलं. ज्याच्या चार तारा काढल्या होत्या, त्याच्या हातात आता खणखणीत मँडोलिन आलं. दुसरी गोष्ट म्हणजे गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट आणि वर्षाअखेरीस बँजोवाला अर्ल स्क्रग्ज बँडमध्ये आले. फिडलवर चबी वाइज आणि बासवर हॉवर्ड वॉट्स. ब्लूग्रासचा साचा याच पाच जणांनी घडवला, असं मानलं जातं.

एका माईकचं गणित

आता मूळ प्रश्न. हे जमायचं कसं?

पहिलं कारण, अंतर. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक पाऊल पुढे आलं की आवाज वाढला, एक पाऊल मागे गेलं की कमी झाला. मिक्सरची बटणं नव्हती, ते काम पाय करायचे. फिडलची पाळी आली की फिडलवाला पुढे सरकायचा आणि गाणारा बाजूला व्हायचा. तीन आवाजांत गायचं असलं की तीन डोकी माईकभोवती एकत्र यायची. बासवाला बराचसा वेळ मागे.

दुसरं कारण, जागा वाटून घेणं. बास खालच्या सुरात. गिटार मधल्या पट्टीत. मन्रो स्वतः मँडोलिनवर मधल्या ठेक्याला एक आखूड फटका मारायचा आणि लगेच बोटं सैल करून तारा बंद करायचा. याला चॉप म्हणतात. बँडमध्ये ड्रम नव्हता, ते काम हा चॉप करायचा. आवाज उमटून लगेच थांबायचा, त्यामुळे मधली जागा गाण्याला मोकळी मिळायची. शिवाय मन्रो उंच पट्टीत गायचा, त्यामुळे त्याचा आवाज वाद्यांच्या वरून निघून जायचा.

तिसरं कारण, फीडबॅक. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, पुन्हा शिरतो आणि शिट्टी वाजते. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधी मिळणारी आवाजाची सवलत साधारण ३ डेसिबलने घटते. एकच माईक असला की हा धोका त्या मानाने कमी राहतो.

आणि चौथं, सगळे एकमेकांना चिकटून उभे. त्यामुळे स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरची गरजच नाही. बँडला जे ऐकू यायचं, साधारण तेच लोकांनाही. एखादा जास्त वाजवायला लागला तर बाकीच्यांना तिथल्या तिथं कळायचं.

याला मर्यादाही आहेत. गाणारे माईकपासून थोडे लांब असतात, त्यामुळे गोंगाटाच्या जागी किंवा ड्रम आणि मोठे अॅम्प असतील तिथं हा प्रकार टिकत नाही. समोरचे लोक शांत बसून ऐकणारे लागतात.

स्टेजवर मोकळी जागा, बाहेर मात्र नाही

स्टेजवर दुसऱ्यासाठी बाजूला होणाऱ्या मन्रोला स्टेजबाहेर ते जमलं नाही. १९४८ च्या सुरुवातीला फ्लॅट आणि स्क्रग्ज बँड सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. माईकभोवती गिरक्या घेत जागा बदलण्याची कला पुढे याच बँडमुळे जास्त गाजली. आपण उभं केलेलं संगीत हे लोक घेऊन गेले, असं मन्रोला वाटलं. स्टॅनली ब्रदर्स आपली नक्कल करतात म्हणूनही तो चिडला होता. त्यांना कोलंबिया कंपनीने घेतलं तेव्हा त्याने ती कंपनी सोडून डेक्का गाठली.

फ्लॅटशी अबोला तब्बल दोन दशकं चालला. अखेर १९७१ मध्ये मन्रोच्याच बीन ब्लॉसम महोत्सवात दोघं पुन्हा एकत्र स्टेजवर आले. तोवर दोघांची साठी जवळ आली होती.

दरम्यान १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने मन्रोचं एक गाणं आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायलं आणि रॉक अँड रोलच्या जोरात जुने बँड मागे पडले. १९६० च्या दशकात महोत्सव सुरू झाले आणि मन्रोला नवे श्रोते मिळाले. १९७० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून त्याच्या एफ-५ चा चुराडा केला, तेव्हा गिब्सनच्या कारागिराने एकेक तुकडा जोडून ते परत उभं केलं. ९ सप्टेंबर १९९६ रोजी, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला चार दिवस असताना, मन्रो गेला.

आजच्या बँडला यातून काय घेता येईल?

मन्रोच्या हाताखाली १९६३ मध्ये गाणाऱ्या डेल मकुरीने पुढे १९९० च्या दशकात स्वतःच्या बँडसाठी पुन्हा एक माईक आणला. तसं करणं प्रत्येकाला शक्य नाही. पण त्यातली काही तत्त्वं कुठल्याही छोट्या जागेत चालतात.

आवाज लावताना सुरुवात गाण्यापासून करा. शिट्टी न येता गाणं जिथवर जातं, ती त्या जागेची हद्द. ड्रम आणि अॅम्प तिच्या खालीच ठेवायचे. ज्या माईकची गरज नाही तो बंद करा. गाण्याच्या ओळी सुरू असताना कोण मागे जाणार आणि सोलो कुणाचा, हे सरावातच ठरवा.

आणि एखादा सराव असा करा, ज्यात माईक नाही आणि अॅम्प अगदी हळू आहेत. त्या खोलीत गाण्याचे शब्द ऐकू येत नसतील, तर कुणीतरी जास्त वाजवतोय. ते तिथंच सोडवा. कार्यक्रमाच्या दिवशी मिक्सरवर ते सुटत नाही.