हॅरी नायक्विस्ट

हॅरी नायक्विस्ट (७ फेब्रुवारी १८८९ – ४ एप्रिल १९७६) हे स्वीडनमध्ये जन्मलेले अमेरिकन अभियंते होते. विद्युत मंडलांतील औष्णिक गोंगाटाची उपपत्ती त्यांनी मांडली.

त्यांचा जन्म निल्सबी या गावी झाला. १९०७ साली ते अमेरिकेत गेले. नॉर्थ डकोटा विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१७ साली त्यांनी येल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे एटी अँड टी व १९३४ ते १९५४ या काळात बेल प्रयोगशाळा येथे त्यांनी संशोधन केले.

विवर्धक क्षीण संदेश मोठा करतो, तशी त्यातील खरखरही वाढते. या खरखरीचा एक भाग रोधकातच उगम पावतो, हे त्यांचे सहकारी जॉन जॉन्सन यांनी प्रयोगाने दाखवले. नायक्विस्ट यांनी १९२८ साली ऊष्मागतिकीच्या आधारे त्याचे सूत्र सिद्ध केले. हा गोंगाट रोध, तापमान आणि वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी यांवर अवलंबून असतो. रोधकाच्या पदार्थावर नव्हे. त्यामुळे कितीही कुशल बांधणी केली तरी तो पूर्णपणे टाळता येत नाही. १ किलोओहम रोधकात, खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झ पट्ट्यात तो सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट भरतो.

विवर्धकाचे संगणकीय प्रतिरूपण करताना प्रत्येक रोधकासाठी हेच सूत्र वापरले जाते. गोंगाटामुळे स्पंदाची कड वेळेच्या किंचित मागेपुढे सरकते. त्या अस्थिरतेचा अंदाजही त्यावरूनच बांधता येतो.

प्रतिसंभरण असलेला विवर्धक स्थिर राहील की नाही, हे ठरवणारा त्यांचा निकष १९३२ साली प्रसिद्ध झाला. टेक्सासमधील हार्लिंगन येथे त्यांचे निधन झाले.