विश्लेषण : डॉक्टरकीची पदवी नसलेल्या वकिलाने आनंदवन कसे उभे केले? बाबा आमटेंनी पस्तिशीत वाट कशी बदलली?

वडिलोपार्जित जमीन, वकिलीची सनद, नगरपालिकेतले पद आणि घरात दोन लहान मुले. एवढे सगळे हाताशी असताना मुरलीधर देविदास आमटे यांनी वयाच्या पस्तिशीच्या आसपास संपूर्ण वेगळे क्षेत्र निवडले. ते क्षेत्र होते कुष्ठरोगाचे आणि त्यासाठी लागणारी वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले आणि पुढे त्याची शाखा गडचिरोलीच्या जंगलात भामरागडपर्यंत पोहोचली. हे नेमके कसे घडले?

वकिली का सोडली?

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घर जमीनदारांचे आणि वडील सरकारी अधिकारी. तरुणपणी शिकार, मोटार आणि इंग्रजी सिनेमांचा शौक होता. ‘बाबा’ हे घरातले लाडाचे नाव, ते पुढे कायम राहिले. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. १९४२च्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांसाठी ते न्यायालयात उभे राहिले.

मात्र या व्यवसायात त्यांचे मन रमेना. काही मिनिटांच्या युक्तिवादासाठी मिळणारी फी आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराच्या हातात पडणारी मजुरी यांतील तफावत त्यांना सलत होती. १८ डिसेंबर १९४६ रोजी इंदू घुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. याच साधनाताई. त्यानंतर दोघांनी वरोऱ्यात सर्व जातींच्या श्रमिकांसोबत एकत्र राहण्याचा ‘श्रमाश्रम’ हा प्रयोग करून पाहिला.

तुळशीराम कोण होता?

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे काम किती कठीण असते, हे समजून घेण्यासाठी त्यांनी अनेक महिने स्वतः मैला वाहिला. याच काळात एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला एक कुष्ठरुग्ण पडलेला दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. त्याचे नाव तुळशीराम.

कशालाही न घाबरणारा माणूस अशी बाबांची ख्याती होती. पण तुळशीरामला पाहून ते घाबरले आणि तिथून निघून गेले. ही भीती त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्याच्यावर आडोसा केला आणि त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या आयुष्याला मात्र तिथून वळण मिळाले. या कामाकडे ते दयेपोटी वळले नाहीत. स्वतःच्या मनातली भीती घालवणे ही त्यांची पहिली गरज होती.

त्या काळी कुष्ठरोग्यांची स्थिती काय होती?

१८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरत असे. ती तरतूद २०१९मध्ये निघाली.

प्रत्यक्षात हा आजार एका जिवाणूमुळे होतो आणि तो सहजासहजी पसरत नाही. बहुतेकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. हातापायांची संवेदना गेल्याने जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि त्यातून विद्रूपता येते. १९४०च्या दशकात सल्फोन गटातील औषधे हाती आली आणि या आजारावर पहिल्यांदाच खात्रीचा उपचार दिसू लागला. बाबा या क्षेत्रात आले ते नेमके याच टप्प्यावर.

पदवी नसताना ते शिकले कसे?

बाबांच्या गोष्टीतला हाच भाग अनेकदा सुटून जातो. तुळशीरामच्या प्रसंगानंतर त्यांनी लगेच दवाखाना थाटला नाही. आधी कुष्ठरोगावरील पुस्तके वाचली. वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण १९३६पासून कुष्ठधाम चालवत होते. तेही डॉक्टर नव्हते. तिथले काम बाबांनी पाहिले. वरोऱ्यात रुग्णांच्या जखमा धुणे, मलमपट्टी करणे हे हाताने शिकून घेतले.

पुढे कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. डॉक्टरी पदवी नसतानाही तिथे त्यांना प्रवेश मिळाला. संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. तसा प्रयोग झाला, पण त्यांना आजार झाला नाही.

थोडक्यात, पदवी नव्हती, पण प्रशिक्षण होते. आधी वाचन, मग जाणकाराच्या कामाचे निरीक्षण, मग हाताने सराव आणि शेवटी संस्थेत शिक्षण, असा तो क्रम होता.

आनंदवनाची सुरुवात कशी झाली?

१९४९मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. ती खडकाळ, झुडपांनी भरलेली आणि विंचू-सापांची होती. जून १९५१मध्ये काम सुरू झाले तेव्हा सोबत होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये. बाबा ३६ वर्षांचे होते. मुलगा विकास चार वर्षांचाही झाला नव्हता, तर प्रकाश अडीच वर्षांचा होता.

पहिले काम होते विहीर खोदण्याचे. बधिर, झडलेल्या बोटांनी पहार धरून रुग्णांनी पाणी काढले. मग भाजीपाला पिकू लागला, पण तो विकत घ्यायला गावकरी बिचकत. परदेशांतून आलेल्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’च्या स्वयंसेवकांनी रुग्णांसोबत राहून, जेवून इमारती बांधल्या. त्यानंतर वरोऱ्याची भीड हळूहळू चेपली. १९६४मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले आणि ज्या ठिकाणाला लोक टाळत, तिथे बाहेरची मुले शिकायला येऊ लागली.

हे एकट्या बाबांचे यश होते का?

नाही. साधनाताईंनी स्वयंपाक, गायी-गुरे, मुले आणि रुग्ण हे सगळे सांभाळले. अंगावर दागिने घालून वाढलेली मुलगी माळरानावरच्या झोपडीत राहायला तयार झाली नसती, तर ही उडी बाबांना शक्य नव्हती.

रुग्णांचा वाटा तर त्याहून मोठा. शेती, सुतारकाम, गवंडीकाम, विणकाम ही कामे त्यांनी तिथेच शिकली. समाजाने निकामी ठरवलेली माणसे कारागीर झाली. क्षेत्र बदलणारे बाबा एकटे नव्हते. आनंदवनातल्या जवळपास प्रत्येकाने आयुष्याच्या मध्यावर नवे काम शिकले होते आणि प्रमाणपत्र कुणाकडेच नव्हते.

हेमलकसाला डॉक्टर का गेले?

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. पावसाळ्यात नद्यांमुळे भामरागडचा जगाशी संबंध तुटत असे.

तिथल्या रुग्णसेवेची जबाबदारी प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी घेतली. दोघेही शिकलेले डॉक्टर होते. मोठे चिरंजीव विकास हेही डॉक्टर होऊन आनंदवनात रुजू झाले. स्वतः पदवीविना काम उभे करणाऱ्या बाबांनी पदवीला कमी लेखले नाही. काम वाढले, तसे पात्र माणसांच्या हाती ते सोपवले.

आज या गोष्टीतून काय घ्यावे?

एक इशारा आधी. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे गुन्हा आहे. बाबांचे उदाहरण त्यासाठी ढाल म्हणून वापरता येणार नाही. अंगात येणारे, जडीबुटी देणारे आणि खोटे डॉक्टर यांचा फटका बसलेली कुटुंबे या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. कुष्ठरोगाची लक्षणे, म्हणजे त्वचेवर बधिर चट्टा दिसल्यास सरकारी दवाखान्यातच जावे. तिथे बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो.

पण चाळिशीच्या उंबरठ्यावर नोकरी सुटलेल्या किंवा मन उडालेल्या माणसाला बाबांचा क्रम उपयोगी पडेल. आधी प्रश्न निवडा, मग तो सोडवणाऱ्याकडे जाऊन हात घाण करा, घरच्यांना सोबत घ्या आणि कुठे आपले ज्ञान संपते ते ओळखा. बाबांच्या मागे घरची शेतजमीन होती, हेही विसरू नये. ज्यांच्याकडे तसा आधार नाही, त्यांनी उडी मारण्याआधी तो जमवावा.

बाबांना १९८५मध्ये मॅगसेसे आणि १९९०मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन न करता त्याच जमिनीत दफन करण्यात आले.