पंडिता रमाबाईंची शांति

श्रद्धा म्हणजे हातपाय गाळून बसण्यास शोधलेलें एक सोज्ज्वळ नांव, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. आणि ईश्वराचें नांव घेऊन स्वस्थ बसणारांची संख्या पाहतां तो अगदींच निराधार आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु ज्या श्रद्धेनें मनास शांति आणि हातांस काम हीं दोन्ही दिलीं, तिचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या महाराष्ट्रांतलेंच आहे.

बाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या मातेनें मुलीस. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें आईबापांचा व थोरल्या बहिणीचा बळी घेतला. व्रतें झालीं, उपास झाले, गांठची पुंजी दानधर्मांत गेली. अन्न मात्र मिळालें नाहीं. तेव्हांपासून जुन्या देवांवरची त्यांची श्रद्धा ढळत गेली. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ सालीं पतीही पटकीनें गेले. पदरीं तान्ही मनोरमा. विद्या होती, लौकिक होता. पण मनास विसावा नव्हता.

१८८३ सालीं इंग्लंडांत, वाँटेज येथें, त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यक शिकावयाचा बेत बहिरेपणामुळें सोडावा लागला. दीक्षा झाली तरी बुद्धि गहाण पडली नाहीं. न पटलेल्या मतांविषयीं त्या आपल्या गुरुभगिनींशींही वाद घालीत. पुढें कित्येक वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. स्वतःच्या पुण्याईवरचा भार सोडून त्यांनीं तो ईश्वरावर टाकला, तेव्हां त्यांचें चित्त निवालें.

या शांतीची कसोटी लवकरच लागली. १८८९ सालीं मुंबईस काढलेलें व पुढें पुण्यास नेलेलें शारदासदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, अशी लोकांची समजूत होती. मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात असें दिसतांच १८९३ सालीं गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले, व पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदींच पोकळ होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्या टीकाकारांपैकीं किती जणांनीं स्वतःच्या घरच्या बालविधवेस पाटी-पेन्सिल दिली, हा प्रश्न तेव्हांही अनुत्तरित राहिला.

बाई मात्र डगमगल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व उपासमारीनें खंगलेल्या शेंकडों स्त्रिया व मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळांत पोळलेल्या जिवास ती भूक सांगावी लागली नाहीं. केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें शेती, विणकाम व छापखाना हीं सारीं कामें स्त्रियांच्या हातीं आलीं. अंधांनाही विद्या मिळाली. बाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करीत बसल्या. १९२१ सालीं हाताशीं आलेली मनोरमाही गेली. तो घाव सोसून त्यांनीं काम चालूच ठेविलें, व ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेविला.

वाचकांनीं धर्म बदलावा, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याची त्याची श्रद्धा त्याच्या वहीखात्यांत पाहावी. देवापुढें बसून मन निवालें, असें आपण म्हणतों; तर त्या निवण्यानें दारच्या अनाथाचा एक दिवस तरी सुखाचा झाला काय? झाला असेल तर ती शांति खरी. नसेल तर ती झोंप होय.