खारघरच्या ‘खानोलकर शोधिके’मागचा माणूस

नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंबे, उसर्ली, देवद या गावांतील लोकांना कर्करोगाच्या उपचारासाठी ‘टाटा’त जायचे म्हणजे परळच गाठायचे, असे आता राहिलेले नाही. पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल पकडली की खांदेश्वर, मानसरोवर आणि तिसरे स्टेशन खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राचा ‘अ‍ॅक्ट्रेक’ हा उपचार आणि संशोधनाचा परिसर आहे. रक्ताच्या कर्करोगावरील मूळपेशी प्रत्यारोपणाचा, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’चा विभाग 2007 पासून याच परिसरात चालतो. तिथल्या एका इमारतीचे नाव ‘खानोलकर शोधिका’ असे आहे. फायली आणि रिपोर्ट हातात घेऊन धावपळ करणाऱ्या नातेवाइकांना ते नाव कोणाचे, हे विचारायला सवड नसते.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी स्वतः एकही प्रत्यारोपण केले नाही. भारतातील पहिले प्रत्यारोपण झाले, तेव्हा त्यांना जाऊन जवळजवळ साडेचार वर्षे झाली होती. तरीही प्रत्यारोपणाचा विचार करताना डॉक्टरांना ज्या तीन प्रश्नांची उत्तरे लागतात, त्यांच्याशी खानोलकरांचे सारे आयुष्य बांधलेले आहे. आजार नेमका कोणता? माणसामाणसाच्या रक्तात काय सारखे आणि काय वेगळे? आणि उपचार घेऊन घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले?

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्टा येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात आहे. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि 1923 मध्ये विकृतिशास्त्रात, म्हणजे पॅथॉलॉजीत, एम.डी. मिळवली. लंडनहून परतलेल्या डॉक्टराला त्या काळी मुंबईत दवाखाना थाटून नाव आणि पैसा दोन्ही कमावता आले असते. खानोलकरांनी शिकवण्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचा रस्ता धरला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर परळचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज येथे ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

पॅथॉलॉजिस्ट हा रुग्णाला फारसा न दिसणारा डॉक्टर. मात्र गाठ साधी की कर्करोगाची, रक्तातल्या वाढलेल्या पेशी कोणत्या जातीच्या, याचा निवाडा तोच करतो. तो चुकला तर पुढचा सगळा उपचार चुकतो. प्रत्यारोपणाच्या बाबतीत तर हे आणखीच खरे. ल्युकेमियाच्या एका प्रकारात केवळ औषधांनी भागते, तर दुसऱ्यात प्रत्यारोपण लवकर करावे लागते. या निर्णयाची सुरुवात आजही काचपट्टीवरच्या थेंबापासून होते. आता त्याच्या जोडीला जनुकीय तपासण्या आल्या आहेत, एवढाच फरक.

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे तो क्वचितच होतो, असा समज तेव्हा डॉक्टरांमध्येही होता. खानोलकरांनी तपासलेल्या नमुन्यांच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. कर्करोग इथेही होता, फक्त तो कुठे होतो हे लोकांच्या सवयींवर ठरत होते. 1945 मध्ये त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी घासले गेल्याने होणारा त्वचेचा कर्करोग, ओठाआड खैनी धरून ठेवल्याने होणारा कर्करोग आणि पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोग, अशा तीन प्रकारांची मांडणी त्यात होती. हे सारे उपचारापूर्वीच टाळता येण्याजोगे होते. सुपारी खाणाऱ्यांमध्ये तोंड हळूहळू उघडेनासे होते, त्या विकारावरही त्यांनी पुढे डॉ. सत्यवती सिरसाट यांच्यासह काम केले. गुटख्यामुळे आज हा विकार गावोगावच्या तरुणांत दिसतो.

रुग्णालयाला लागूनच संशोधन संस्था हवी, हा त्यांचा आग्रह होता. खाटेवरच्या रुग्णाचा प्रश्न प्रयोगशाळेत जावा आणि तिथले उत्तर पुन्हा खाटेपाशी यावे, यासाठी 1952 मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी माणसे निवडली ती नजर ठेवून. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. मिळवली होती. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या आणि परळला उतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम हाती घेतले. स्त्रियांना प्रयोगशाळेत दुय्यम कामे देण्याच्या त्या काळात या दोघींना स्वतंत्र विभाग उभारता आले, यात खानोलकरांचा वाटा मोठा होता. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमधून कसे पसरतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय होता.

प्रत्यारोपणाशी सर्वांत जवळचा धागा मात्र त्यांच्या रक्तावरील कामात सापडतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा समाजगटांचा अभ्यास केला. हे गट पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्ने करणारे होते. रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणे तपासली, तेव्हा एकाच शहरात राहणाऱ्या या गटांमध्ये त्या लक्षणांचे प्रमाण वेगवेगळे आढळले. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नव्हते. लग्नसंबंध ठरावीक वर्तुळात राहिले की जनुकांचे प्रमाणही त्या वर्तुळात वेगळे राहते, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी हे काम निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचे वाटले असेल. आज दाता शोधणाऱ्या कुटुंबासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

तो कसा, हे समजण्यासाठी प्रत्यारोपण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. त्या बिघडल्या, तर औषधांच्या मोठ्या मात्रेने किंवा किरणोत्सर्गाने रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि दात्याच्या मूळपेशी रक्त चढवतात तशा शिरेतून देतात. त्या आपोआप हाडांपर्यंत पोहोचतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. दाता आणि रुग्ण यांचा रक्तगट वेगळा असला तरी चालते. रुग्णाचा रक्तगट काही काळाने दात्यासारखा होतो. जुळावी लागते ती ‘एचएलए’ नावाची पेशींवरील ओळखखूण. ती निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येते. म्हणून सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती जुळली नाही, तर दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करू शकतात.

ही खूण ठाऊक नव्हती, तेव्हा काय झाले? 1957 मध्ये अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दिलेल्या मज्जेचा वृत्तांत प्रसिद्ध केला; त्यांपैकी एकही रुग्ण फार काळ जगला नाही. 1958 मध्ये फ्रान्सचे जाँ दोसे यांनी एचएलएचा पहिला धागा शोधला. तरीही विश्वासार्ह यश यायला आणखी दहा वर्षे गेली. थॉमस यांनी प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करून अपयशेही मांडली, म्हणूनच मार्ग सुधारत गेला. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या काळात खानोलकर इतर जबाबदाऱ्यांत गुंतले होते. 1960 ते 1963 ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. त्यांना पद्मभूषणही मिळाले. 1962 मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाकडे गेली आणि 1966 मध्ये एका छत्राखाली येऊन टाटा स्मारक केंद्र झाले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी खानोलकरांचे निधन झाले.

20 मार्च 1983 रोजी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या एका लहान मुलीवर देशातील पहिले मज्जा प्रत्यारोपण केले. दाता तिचे सख्खे भावंड होते. अडवाणी हे तंत्र सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. संशोधन केंद्र 2002 मध्ये परळहून खारघरला आले आणि त्यामागोमाग प्रत्यारोपण विभागही. प्रयोगशाळा आणि खाट शेजारी असावीत, ही खानोलकरांची जुनी मांडणी पनवेल तालुक्यात अशी नव्याने उभी राहिली.

आज प्रत्यारोपणाचा निकाल कशावर ठरतो, तर प्रत्यारोपणाच्या वेळी आजार कितपत आटोक्यात आहे, जुळणी किती चांगली आहे, रुग्णाचे वय आणि प्रकृती कशी आहे आणि जंतुसंसर्ग किती रोखता येतो, यावर. यापैकी जुळणीचा प्रश्न आपल्या देशात वेगळा आहे. भावंड जुळले नाही, तर अनोळखी दात्यांच्या नोंदणीत शोध घेतात आणि आपल्यासारखी खूण असलेला माणूस बहुधा आपल्याच समाजगटात सापडतो. त्यामुळे ज्या समाजातले थोडे लोक नोंदणी करतात, तिथल्या रुग्णाला दाता मिळणे अवघड जाते. आई, वडील किंवा मुले यांच्या निम्म्या जुळणाऱ्या पेशी वापरण्याची पद्धत आता रुळली आहे, त्यामुळे अनेकांना पर्याय मिळाला; धोके मात्र संपलेले नाहीत.

विचुंबेपासून गडचिरोलीपर्यंतच्या तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. पुढे कोणाशी जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा प्लेटलेट्स दिल्यासारख्या हाताच्या शिरेतून मूळपेशी घेतात. त्या शरीरात काही आठवड्यांत पुन्हा भरून निघतात. आणि ज्यांच्या घरी प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी बरे वाटू लागले म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत, जुने रिपोर्ट टाकू नयेत. उशिरा उद्भवणारे त्रास अशा भेटींतच वेळेवर सापडतात. शिवाय प्रत्येक भेटीची नोंद पुढच्या रुग्णाचा उपचार ठरवायला उपयोगी पडते. खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी परळला अशाच नोंदींवरून देशातल्या कर्करोगाचे खरे चित्र उभे केले होते.